अपमान टाकायचा होता, पाला नव्हे

आमच्या वस्तीच्या तोंडाशी संध्याकाळी चायनीजची गाडी लागते. लाल नूडल्स, लाल भात, लाल रश्शात बुडालेले मंचुरियन. शाळेतून आणि क्लासवरून परतणारी पोरे तिथेच थांबतात. मागच्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर एक ताई सांगत होत्या, "माझा मुलगा भाकरीला हात लावत नाही. डब्यात सुकट दिली तर डबा घरीच विसरतो. म्हणतो, वास येतो, पोरं हसतात. मग काय करणार? देते तीस रुपये, खातो गाडीवर हाफ प्लेट." शेजारच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरात तेच चालले होते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आपण विहारात थायलंडहून आलेली बुद्धमूर्ती बसवतो. श्रीलंका, म्यानमार, जपान या देशांची नावे भाषणात घेतो. तिथले भन्ते आले की रांगेत उभे राहून त्यांच्या पाया पडतो. पण तिथल्या साध्या घरात चुलीवर काय शिजते, तिथली आई शाळेत जाणाऱ्या पोराला सकाळी काय खायला देते, हे आपल्याला ठाऊक नाही. परदेशी जेवण म्हणजे गाडीवरचे मंचुरियन, एवढीच आपली समजूत. मंचुरियन तर चीनचे नाहीच, ते आपल्या मुंबईत जन्मले. चिनी घरातली बाई ते रांधत नाही.

या देशांची घरगुती जेवणे मी थोडीफार वाचून, विचारून आणि स्वतः करून पाहिली. त्यातून माझे एक मत झाले, तेच इथे मांडते. त्या जेवणातले अर्ध्याहून अधिक जिन्नस आपल्या आजीच्या चुलीवरचे आहेत. पाला, कण्या, बेसन, सुकट, शेंगदाणे, लसूण, मिरची. त्यांनी त्याचा अभिमान धरला, आपण लाज धरली. आणि त्या लाजेची किंमत आज आपल्या बायका-पोरांच्या अंगातले रक्त देते आहे.

काय सोडायचे होते आणि काय सुटले

लाज कुठून आली हे आपल्यात कोणाला समजावून सांगायला नको. गावकीची कामे करायची आणि दारोदार शिळी भाकर मागायची, मेलेले ढोर ओढायचे आणि तेच खायचे, हे आपल्या पूर्वजांवर लादले गेले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि लोकांनी टाकलेले तुकडे खाणे सोडायला सांगितले. आपल्या लोकांनी ते ऐकले. उपाशी राहिले, पण उष्टे उचलले नाही. आपल्या इतिहासातली ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या जुन्या लाचारीला कोणी आता "आपली खाद्यसंस्कृती" म्हणून गोंजारू लागले, तर मी तरी त्यात सामील होणार नाही.

पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते लाचारीचे अन्न. स्वतःच्या पैशाने आणलेली ताजी सुकट, परसातल्या शेवग्याचा पाला, ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी हे कोणाच्या उपकाराचे नव्हते. आपण वस्तीत आलो, शिकलो, नोकरीला लागलो, आणि अपमान टाकताना हे सगळेही टाकून दिले. शेजारी काय म्हणतील म्हणून सुकट बंद झाली. पाहुण्यांसमोर भाकरी नको म्हणून पोळी आली. पोळीच्या जागी आता सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वडापाव आणि रात्री दोन मिनिटांचे नूडल्स आले. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या जेवणावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले ते २०१५ साली. आपल्या अन्नाबद्दल पुस्तक यायला इतकी वर्षे लागली, यावरूनच कळते की पाककृतींच्या पुस्तकात आपल्या चुलीला जागा नव्हती. जे छापले जात नाही ते पोरांना कमीपणाचे वाटते.

आता आरोग्याकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर बालकांत हा आकडा जवळपास ६९ आहे. आधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणापेक्षा दोन्ही आकडे वाढलेले आहेत. जिने चढताना धाप लागणे, चक्कर, केस गळणे, पोराचे अभ्यासात लक्ष न लागणे, या सगळ्यामागे पुष्कळदा हाच रक्तक्षय असतो. दुसरीकडे त्याच घरात चाळिशीच्या माणसाला साखर आणि बीपी. पोट भरते, पण अंगाला लागत नाही, अशी ही अवस्था आहे.

म्हणून मी खाली पाच पदार्थ देते. पाचही बुद्ध धम्म मानणाऱ्या लोकांच्या घरातले आहेत. पाचही स्वस्त आहेत, आणि त्यांचे सामान वस्तीतल्या किराणा दुकानात आणि भाजीच्या गाडीवर मिळते.

श्रीलंकेचे मल्लुम

बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. त्या देशात भाताच्या ताटात रोज एक हिरवी भाजी असते, तिला मल्लुम किंवा मल्लुंग म्हणतात. ती आपल्यासारखी तेलात परतून काळी करत नाहीत. पाला अगदी बारीक चिरतात आणि दोन-तीन मिनिटांत उतरवतात.

चार माणसांसाठी शेवग्याचा कोवळा पाला चार मुठी घ्या. तो नसेल तर तांदुळजा, मुळ्याचा पाला किंवा फुलकोबीची कोवळी पाने चालतील. दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि सुरीने जितका बारीक चिरता येईल तितका चिरा. कढईत दोन चमचे पाणी, बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद आणि मीठ टाका. वाफ आली की पाला टाकून दोन-तीन मिनिटे हलवा. शेवग्याच्या पाल्याला मिनिटभर जास्त लागते. वरून तीन-चार चमचे ओले खोबरे टाका आणि गॅस बंद करून अर्धे लिंबू पिळा. नारळ महाग पडत असेल तर शेंगदाण्याचा जाडसर कूट वापरा. तेलाचा थेंबही लागत नाही.

श्रीलंकेत यात सुक्या माशाचा चुराही टाकतात. तिथे तो मालदीवच्या माशाचा असतो. आपण जवळा कोरडा भाजून, हाताने चुरून टाकायचा. तोच जवळा, ज्याच्या वासाची आपल्या पोराला लाज वाटते.

लिंबू विसरू नका. पाल्यातले लोह शरीराला सहज घेता येत नाही, आंबट फळातले क जीवनसत्त्व बरोबर असले तर ते जास्त शोषले जाते. चहा नेमके उलटे करतो. जेवणाला लागून चहा घेतला तर ताटातले लोह वाया जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. आणि एक सूचना: नाल्याच्या कडेचा किंवा गटारालगतचा पाला फुकट मिळतो म्हणून तोडू नका.

म्यानमारचे तोहू

बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते. त्या देशाच्या पूर्वेला शान प्रांत आहे. तिथला तोहू देशभर आवडीने खाल्ला जातो. तो कशाचा करतात ठाऊक आहे? हरभऱ्याच्या पिठाचा. म्हणजे आपल्या बेसनाचा!

एक वाटी बेसन एक वाटी पाण्यात गुठळ्या न राहतील असे फेटा. दुसरीकडे दोन वाट्या पाणी, मीठ आणि पाव चमचा हळद उकळायला ठेवा. उकळी आली की आच मंद करून फेटलेले बेसन हळूहळू ओता आणि सतत हलवत राहा. आठ-दहा मिनिटांत ते घट्ट आणि चकचकीत होते. तेलाचे बोट फिरवलेल्या डब्यात ओता आणि रात्रभर तसेच राहू द्या. उन्हाळ्यात मात्र एक-दोन तासांत घट्ट झाले की त्याच दिवशी संपवा. सकाळी सुरीने तुकडे कापा. एक चमचा तेलात चार-पाच लसूण पाकळ्या लालसर तळून ते तेल वरून घाला. चिंचेचे पाणी किंवा लिंबू, शेंगदाण्याचा कूट, लाल तिखट, कच्चा कांदा आणि कोथिंबीर घालून हलक्या हाताने कालवा. झाले.

पहिल्यांदा केले तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे तर पिठलं थंड केलंस. नाहीतर पाटवडी." खरेच आहे. आपले घट्ट पिठले ताटात थापले की पाटवडी होते, आणि फोडणी न घालता ओतून ठेवले, वर आंबट-तिखट घातले, की शान लोकांचा तोहू होतो. हेच मला पोरांना दाखवायचे आहे. पिठले हे गरिबाचे, घरात भाजी नसली की करायचे, असे आपण समजतो. तिकडे तोच पदार्थ लोक दूरवरून येऊन खातात. शंभर ग्रॅम बेसनात वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. वीस रुपयांच्या बिस्किटपुड्याशी त्याची तुलनाच होत नाही. सुट्या बेसनात भेसळ असू शकते, म्हणून शक्य असेल तर हरभरा डाळ गिरणीतून दळून आणा.

तिबेटचे थेंथुक

हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचीच एक वसाहत गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ आहे. देश सोडून आलेल्या या लोकांनी आपली भाषा, आपला धम्म आणि आपली चूल तिन्ही सांभाळली. त्यांच्या थंडीतल्या जेवणाचे नाव थेंथुक. कणकेचे तुकडे हाताने तोडून रश्शात शिजवायचे.

दोन वाट्या गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी घेऊन पोळीसारखी कणीक मळा. तेलाचा हात लावून वीस मिनिटे झाका. पातेल्यात थोडे तेल, कांदा, आले-लसूण आणि टोमॅटो परता. मूठभर मसूर डाळ आणि मुळ्याच्या किंवा गाजराच्या फोडी टाकून सहा-सात वाट्या पाणी घाला. मटणाची किंवा कोंबडीची हाडे असतील तर तीही टाका आणि आधी नीट शिजवून घ्या. रस्सा खळखळ उकळत असताना कणकेची बोटाएवढी पट्टी हातात धरून चपटी करा आणि अंगठ्याने नखभर तुकडे तोडत थेट रश्शात टाकत जा. पाच-सहा मिनिटांत ते शिजतात. शेवटी मूठभर पालक किंवा मुळ्याचा पाला टाका. अंडे असेल तर फोडून रश्शात सोडा.

आपल्या चकोल्या किंवा वरणफळे ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. एकच पातेले, एकच गॅस, पोळ्या लाटायच्या नाहीत. शिवाय तुकडे तोडायचे काम पोरांना फार आवडते. माझ्या शेजारणीचा नूडल्सखेरीज काही न खाणारा नातू हे दोन वाट्या खातो, कारण तुकडे त्याने स्वतः टाकलेले असतात. पाकिटातले नूडल्स आणि हे, यांत फरक मिठाचाही आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत मीठ सांगते. पाकिटातल्या मसाल्याच्या एका पुडीत त्यातला मोठा हिस्सा संपतो. घरात बीपीचा माणूस असेल तर हे ध्यानात ठेवा.

लाओस-थायलंडची पपईची ठेचणी

ठेचा आपला. खलबत्ता आपला. पण कच्ची पपई ठेचून खायची हे आपल्याला सुचले नाही. लाओस आणि थायलंडच्या ईशान्य भागातल्या शेतकरी घरांत हे रोजचे खाणे आहे. थाई लोक त्याला सोम ताम म्हणतात.

खलबत्त्यात दोन पाकळ्या लसूण आणि एक-दोन मिरच्या ठेचा. त्यात दोन चमचे भाजलेले शेंगदाणे आणि एक चमचा भाजलेला जवळा घालून थोडे ठेचा. चवळीच्या चार कोवळ्या शेंगांचे तुकडे आणि एक टोमॅटो घालून हलकेच दाबा, लगदा करू नका. मग दोन वाट्या किसलेली कच्ची पपई, एका लिंबाचा रस, सुपारीएवढा गूळ आणि चवीपुरते मीठ घालून एकजीव करा. खलबत्ता लहान असेल तर शेवटचे काम परातीत हाताने करा. गॅस पेटवावाच लागत नाही. तिकडे ते चिकट भाताबरोबर खातात. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाऊन बघा, मग बोला.

गरोदर बाईने कच्ची पपई टाळावी. तिच्यासाठी काकडी किंवा गाजर किसून हेच करा, तिकडेही काकडीचे करतातच. जवळा किंवा बोंबील खारवलेला असेल तर आधी दोनदा पाण्यातून काढा. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. 

कांजी: तथागतांनी वाखाणलेले अन्न

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अंधकविंद गावातल्या एका ब्राह्मणाने भिक्षुसंघाला पातळ पेज दिली, तेव्हा तथागतांनी पेजेचे दहा गुण सांगितले. ती आयुष्य, कांती, सुख, बळ आणि बुद्धी देते, भूक-तहान भागवते, वात नीट ठेवते, पोट साफ करते, असे ते सांगणे आहे. पालीत या पेजेला यागु म्हणतात. आज बौद्ध जगातल्या कितीतरी घरांत सकाळी हीच पेज असते. जपानमध्ये आजारी माणसाला ओकायू देतात. श्रीलंकेत सकाळी कोल केंदा पितात, म्हणजे तांदळाच्या पेजेत वाटलेल्या पाल्याचा रस आणि नारळाचे दूध, आणि तोंडी लावायला गुळाचा खडा.

आपल्याकडे काय होते? आंबील होती, कण्या होत्या. पण कण्या म्हटले की आपल्याला आठवते ती बलुत्यात मिळालेली निकृष्ट ज्वारी. म्हणून आपण कण्या सोडल्या आणि सकाळी कपभर साखरेचा चहा धरला.

अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या रात्री भिजवा. सकाळी मूठभर मूगडाळ घालून पाच-सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवा. मूठभर शेवग्याची पाने मिक्सरमधून थोड्या पाण्यात वाटून ती पेजेत टाका आणि एक उकळी काढा. मीठ, जिरे आणि लिंबू. लहान लेकराला, म्हाताऱ्या माणसाला, तापातून उठलेल्याला हेच द्या. साखर असलेल्या माणसाला नुसत्या तांदळाची पेज देऊ नका, ती साखर लवकर वाढवते. त्याच्यासाठी ज्वारी आणि डाळच बरी, आणि गूळ नको.

"हे सगळं करायचं कोणी?"

विहारात हे बोलले की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, चार घरची धुणीभांडी करून दुपारी येणारी बाई म्हणते, "मला श्रीलंकेचे काय सांगता? मला वेळ कुठे आहे?"

म्हणून मुद्दाम असे पदार्थ निवडले की वेळ वाचावा. मल्लुम दहा मिनिटांत होते. तोहू रात्री होतो. थेंथुकला पोळ्या लागत नाहीत. पपईला गॅस लागत नाही. पण खरे उत्तर हे नाही. खरे उत्तर असे की हे काम एकट्या बाईचे नाही. आपण समतेच्या घोषणा देतो, १४ एप्रिलला नाचतो, आणि घरी आल्यावर ताट वाढून मागतो. थायलंड-लाओसच्या रस्त्यांवर पुरुषही पपई ठेचतात. आपल्या घरातल्या पुरुषांनी रविवारी खलबत्ता हातात घ्यायला काय हरकत आहे? मुलाला कणीक तोडायला बसवा, मुलीइतकेच. आणि आणखी एक मोडायची रीत म्हणजे बाईने शेवटी जेवण्याची. पातेल्याच्या तळाला जे उरते त्यात डाळ नसते, अंडे नसते, असते फक्त पाणी. रक्तक्षयाच्या आकड्यातल्या ५४ बायका याच रांगेत शेवटी बसलेल्या असतात. सगळ्यांनी एकत्र बसा, एकदम वाढून घ्या.

दुसरा प्रश्न येतो तो मांसाहाराचा. काही उपासक म्हणतात, बौद्ध झालो तर अंडे-मासे सोडलेच पाहिजेत. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावेत. मल्लुम, तोहू आणि कांजी त्यांच्याशिवायही पूर्ण आहेत. पण दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याला कमी बौद्ध ठरवू नये. देवदत्ताने भिक्षूंसाठी मांस-मासे कायमचे बंद करावेत अशी मागणी केली होती, तथागतांनी ती सक्ती मान्य केली नाही, हे विनयातच आहे. रक्त कमी असलेल्या गरोदर सुनेचे अंडे काढून घेण्यात कोणता धम्म?

तिसरा प्रश्न विचारतो तो एखादा शिकलेला मुलगा. आपलेच अन्न चांगले आहे तर परक्यांचे कशाला? त्याला मी सांगते, परक्यांचे पाहिल्यावरच आपले दिसले. पिठल्याला नाक मुरडणारे पोर तोहू आवडीने खाते, आणि मग त्याला कळते की हे पिठलेच आहे. त्यानंतर पिठलेही खाते. शिवाय धम्माच्या नात्याने आपण ज्यांना बांधव म्हणतो, त्यांच्या घरचा घास आपल्याला माहीत नसावा, हे काही बरे नाही.

विहारात एक पातेले

माझी सूचना साधी आहे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन होते, बायका रोज जमतात. त्या तीन महिन्यांतल्या एका तरी रविवारी वाचनानंतर विहारात यांपैकी एक पदार्थ करा. प्रत्येक घरातून एक जिन्नस आणायचा, कोणी पाला, कोणी बेसन, कोणी लिंबे. पोरांनी त्या देशाविषयी दोन शब्द बोलायचे. वैशाख पौर्णिमेला आपण सुजाताच्या स्मरणात खीरदान करतो. श्रीलंकेतले लोक त्याच भक्तीने नारळाच्या दुधात शिजवलेला किरीबात करतात. पुढच्या वैशाखीला खिरीबरोबर सुकटीचे नाही तर निदान पाल्याचे मल्लुम वाढले, तर काय बिघडेल?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ताटातला पाला औषधाची जागा घेत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सोडू नका. धाप, चक्कर किंवा पांढरे पडलेले डोळे दिसले तर रक्त तपासून घ्या. साखर-बीपीची गोळी घरच्या जेवणामुळे बंद करायची नसते.

आणि खाण्याचे प्रमाण राखा. कोसलाचा राजा पसेनदी पोटभर जेवून धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मोजून जेवण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला तो उपदेश रोज जेवताना आपल्याला ऐकवायला सांगितले, आणि हळूहळू त्याचे अंग हलके झाले. जपानच्या ओकिनावा बेटावरची म्हातारी माणसेही पोट आठ आणे भरले... नव्हे, दहात आठ भाग भरले की ताटावरून उठा, असेच सांगतात.

त्या ताईंच्या मुलाला गेल्या रविवारी मी विहारात पपई ठेचायला बसवले. जवळा त्यानेच तव्यावर भाजला. वास सगळ्या विहारात पसरला आणि कोणी हसले नाही. सोमवारी त्याने डब्यात तेच मागून नेले, असे त्याच्या आईने सांगितले. शाळेत कोणी विचारले तर काय सांगणार, म्हणून मी त्याला विचारले. म्हणाला, "सांगेन, थायलंडचं आहे. आणि आमचंपण आहे."

नमो बुद्धाय! जय भीम!